तयार भिंतीत नवा पॉइंट काढताय? या चुका टाळा

"एकच प्लग पॉइंट तर काढायचाय, अर्ध्या तासात होईल ना?" फोनवर हे ऐकलं की मी समजून जातो, आज अर्धा दिवस गेला. नव्या बांधकामात पॉइंट काढणं सोपं असतं. भिंत उघडी, पाइप डोळ्यांसमोर, गवंडी शेजारीच. प्लास्टर, पुट्टी, रंग होऊन माणसं राहायला आली की त्या भिंतीत काय कुठून गेलंय हे बिल्डरलाही सांगता येत नाही. पुण्यात वीसेक वर्षं वायरिंग करतोय, आणि त्यातला बराच काळ दुसऱ्यांनी घाईत काढलेले पॉइंट निस्तरण्यात गेलाय.

पॉइंट कुठे हवा, हे घरातला प्रत्येक जण बोट दाखवून सांगतो. वायर कुठून आणायची, हे कुणीच विचारत नाही. सगळा घोळ तिथेच होतो.

जवळच्या बोर्डातून लूप मारणे (म्हणजे त्याच बोर्डातून वायर पुढे ओढणे)

माझा सगळ्यात जास्त राग या चुकीवर आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिंहगड रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये काकूंनी मला बोलावलं, ते खरं तर रंगाऱ्याची तक्रार सांगायला. ओट्याच्या वरच्या भिंतीवर चहा सांडल्यासारखा डाग येत होता. रंगाऱ्याने दोनदा हात मारला, डाग दोनदा परत आला. ओल असेल म्हणून प्लंबर येऊन गेला. शेवटी त्यानेच सांगितलं, "भिंत ओली नाही, गरम आहे. वायरमनला बोलवा."

मेन बंद केला आणि डागावर छन्नी ठेवली. आत वायरचा जोड निघाला. पीळ मारून वर टेप गुंडाळलेला, त्यावर सरळ प्लास्टर. टेपचा कोळसा झाला होता. काकूंच्या भाच्याने व्हिडिओ बघून फ्रिजच्या 6 अँपिअरच्या बोर्डातून वायर ओढून ओट्यावर 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट काढला होता. वायर पुरली नाही, म्हणून मध्येच जोड. फ्रिजच्या बोर्डाला आलेली मूळ वायर 1 चौरस मिलिमीटरची, म्हणजे फ्रिजपुरती ठीक. नव्या पॉइंटवर मात्र मल्टिप्लग लावून इंडक्शन, किटली आणि मिक्सर चालायचे. आता हिशोब करा. 230 व्होल्टवर 2000 वॉटचं इंडक्शन म्हणजे साधारण 8.7 अँपिअर, 1500 वॉटची किटली 6.5, 750 वॉटचा मिक्सर 3.3. झाले साडेअठरा, फ्रिज वेगळा.

मग एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, का पडली नाही? पडत होती की! दर सकाळी. भाच्याने 10 अँपिअरची काढून 32 ची बसवली. "तेव्हापासून एकदाही ट्रिप झाली नाही हो," काकू कौतुकाने म्हणाल्या. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असते. ती पडते म्हणजे वायर ओरडतेय, आणि भाच्याने वायरच्या तोंडावर उशी दाबली होती. माणूस हुशार आहे, चांगला इंजिनिअर आहे. तीच तर अडचण!

माझी सवय अशी: 16 अँपिअरचा पॉइंट असेल तर वायर थेट डीबीतून, म्हणजे सगळ्या एमसीबी असतात त्या डब्यातून, स्वतःच्या एमसीबीवर. एरवी 2.5 चौरस मिलिमीटर आणि 16 ची एमसीबी. एसी-गीझरला 4 चौरस मिलिमीटर आणि 20 ची. अर्थिंगची हिरवी वायर सोबत हवीच. मध्ये जोड नाही, म्हणजे नाहीच. लागलाच तर तो उघडता येणाऱ्या बॉक्समध्ये. मोबाइल चार्जर नाहीतर टेबल लॅम्पसाठी 6 अँपिअरचा पॉइंट हवा असेल तर शेजारच्या बोर्डातून घ्या, त्याला माझी ना नाही. पण त्या बोर्डामागे किती जाडीची वायर आहे ते आधी उघडून बघा.

डीबीपासून नवा पाइप नेणं अवघड असेल तर जुन्या पाइपात जागा आहे का, हे वायर ओढायची स्प्रिंग टाकून बघतो. नसेल तर केसिंग पट्टी लावा, म्हणजे भिंतीवरून वायर झाकून नेणारी पट्टी. लोकांना पट्टीची का लाज वाटते कळत नाही. दाराच्या चौकटीशेजारून सरळ नेलेली पट्टी, भिंतीच्या रंगात रंगवली, की पाहुण्यांना दिसतही नाही. भाड्याच्या घरात तर मी दुसरं काही सुचवतच नाही.

न्यूट्रल कुठूनही उचलणे

"फेज फेज असतो, न्यूट्रल सगळे सारखेच." हे मी कामाला लागलेल्या पोरांकडूनही ऐकलंय. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, नसलेल्या जुन्या घरात हे खपून जातं, म्हणून ही समजूत मरत नाही.

आरसीसीबीचं काम साधं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघते. घरातल्या आरसीसीबीला 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की ती पडते. आता फेज तिच्या खालून घेतला आणि न्यूट्रल भलत्याच सर्किटचा लावला, की तिच्या लेखी करंट गेला तो परत आलाच नाही. एका घरी बेडशेजारी नवा पॉइंट काढला होता. फेज एसीच्या लाइनचा, न्यूट्रल इन्व्हर्टरवरच्या दिव्यांच्या बोर्डातला. चार्जर लावला तर काही नाही. इस्त्री लावली की अख्खं घर अंधारात. आधी आलेल्या मिस्त्रीने यावर उपाय काय केला? आरसीसीबीच बायपास केली. आजाराला औषध नको, थर्मामीटर फोडा!

ज्या सर्किटचा फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल. आणि अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमागे न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला जोडणारे जे महाभाग आहेत, त्यांनी माझ्यासमोर येऊ नये. न्यूट्रल वर कुठे तुटला तर फ्रिजच्या दारावर 230 व्होल्ट येतात.

टेस्टर लागला नाही म्हणजे बंद

चपला घालून लाकडी स्टुलावर उभं राहून खिशातला टेस्टर लावायचा, दिवा मिणमिणला तरी भर उजेडात दिसायचा नाही, आणि "लाइन बंद आहे" म्हणून हात घालायचा. मी टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला साधा बल्ब, वापरतो. आधी चालू सॉकेटवर पेटवून बघायचा, मग कामाच्या जागी, मग परत चालू सॉकेटवर. मेन बंद केला तरी इन्व्हर्टर जिवंत असतो, तोही बंद करा. एकाच बोर्डात दोन्हींच्या वायरी असतात, आणि मला बसलेला एकमेव मोठा झटका मेन बंद असतानाच बसला.

बाकीच्या, थोडक्यात

परदेशी व्हिडिओत भिंतीला करवतीने चौकोन कापतात, बॉक्स अडकवतात, संपलं. ती जिप्समच्या बोर्डाची पोकळ भिंत असते. आपली विटांची. तुमच्या ऑफिसातलं पार्टिशन असेल तर तो व्हिडिओ बघा, घरासाठी नको.

कॉलम-बीमला हात लावू नका. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या भिंती अख्ख्या काँक्रीटच्या असतात. तिथे झिरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खाच, मारताना सळई कापाल. अशा घरात केसिंगच.

बोर्डाच्या बरोबर वर किंवा खाली ड्रिल मारू नका, पाइप तिथूनच गेलेला असतो. नळाच्या रेषेतही नको. आणि चार इंची भिंतीत आडवी लांब झिरी मारायला मी नकार देतो, गिऱ्हाईक चिडलं तरी. उभी झिरी मारा, तिरकी कधीच नको. तिरक्या झिरीतली वायर पुढच्या माणसाच्या खिळ्याला हमखास सापडते.

बॉक्स फार आत बसवला की प्लेटचे स्क्रू पोचत नाहीत, बाहेर राहिला तर प्लेट डुगडुगते. भिंतीवर टाइल्स लागणार असतील तर त्यांची जाडी आधी धरा.

झिरी पीओपीने (प्लास्टर ऑफ पॅरिसने) भरू नका, विशेषतः पलीकडे बाथरूम असेल तर. सिमेंट-वाळू भरा, वर जाळीची पट्टी मारा, नाहीतर दिवाळीपर्यंत भेग येते. पाणी मारून भिंत वाळेपर्यंत करंट सोडू नका. घाईचं मूळ इथेच असतं: पाहुणे शनिवारी येणार आणि काम शुक्रवारी काढलेलं.

हिरवी वायर उरली म्हणून फेजला वापरू नका. माझ्यानंतर येणारा माणूस तिला अर्थ समजूनच हात लावेल.

सॉकेट समोरून बघताना वरची मोठी पिन अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघा. सुटली तर तुमच्या हातात सुटेल.

हे वाचून स्वतः करायची हुक्की आली असेल तर जागा ठरवा, झिरीची खूण करा, हवं तर भिंत भरून घ्या. वायर आणि डीबीचं काम मात्र परवानाधारक वायरमनकडे द्या. काम झालं की त्याला 16 अँपिअरच्या पॉइंटवर अर्धा तास इंडक्शन चालवायला लावा, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबायला लावा. मग मेन बंद करून प्लग काढा आणि प्लेटवर तळवा ठेवा. कोमट चालेल. गरम लागली तर त्याला चहा द्या, पण पैसे देऊ नका. प्लेट उघडायला लावा.