नॅनीच्या पगारावरचा कर : अमेरिकेतील मराठी घरांनी या चुका टाळाव्यात

अमेरिकेतील मराठी घरांत बाळाला सांभाळायला येणाऱ्या मावशी, आठवड्यातून तीनदा येऊन पोळीभाजी करून जाणाऱ्या काकू किंवा आजारी वडिलांसाठी ठेवलेली मदतनीस यांच्याकडे पगारी कर्मचारी म्हणून सहसा कोणी पाहत नाही. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे केंद्रीय करखाते, मात्र तसेच पाहते. २०२५ या वर्षात अशा एका व्यक्तीला २,८०० डॉलर किंवा त्याहून अधिक वेतन दिले असेल, तर तुम्ही एम्प्लॉयर ठरता आणि सोशल सिक्युरिटी (निवृत्तिवेतन) व मेडिकेअर (वृद्धांचा आरोग्यविमा) यांच्या कराची जबाबदारी तुमच्यावर येते. २०२६ साठी हीच मर्यादा ३,००० डॉलर आहे. या बाबतीतल्या बहुतेक चुका कामाच्या पहिल्या महिन्यातच झालेल्या असतात; एप्रिलमध्ये रिटर्न भरताना त्या फक्त उघड्या पडतात.

ही पद्धत आज आहे त्यापेक्षा पूर्वी बरीच किचकट होती. एका तिमाहीत ५० डॉलर दिले तरी कर लागू होई आणि दर तिमाहीला वेगळा फॉर्म भरावा लागे. १९९३ मध्ये बिल क्लिंटन यांनी ॲटर्नी जनरलपदासाठी सुचवलेल्या झोई बेअर्ड यांना घरकामगारांचा हा कर वेळेवर न भरल्याच्या आणि त्या कामगारांकडे कायदेशीर कागदपत्रे नसल्याच्या वादात माघार घ्यावी लागली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा बदलला. तेव्हापासून हा हिशेब वर्षातून एकदा, स्वतःच्या वार्षिक आयकर रिटर्नला (फॉर्म १०४०) शेड्यूल एच हे घरकामगारांच्या कराचे पुरवणीपत्र जोडून देता येतो.

१०९९ देऊन मोकळे होणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मावशींना वर्षअखेरीस १०९९-एनईसी, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकाला दिलेल्या पैशांचा फॉर्म, दिला की आपले काम संपले, असा सल्ला ओळखीपाळखीतून मिळतो आणि तो सोयीचा असल्यामुळे पटकन पटतोही. परंतु एखादी व्यक्ती कर्मचारी आहे की स्वतंत्र व्यावसायिक, हे फॉर्मवरून, आपसांतल्या करारावरून किंवा तिच्या स्वतःच्या पसंतीवरून ठरत नाही. कोणते काम करायचे आणि कसे करायचे, हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर ते ठरते. सकाळी आठला यायचे, साडेदहाला बाळाला वरणभात भरवायचा, दुपारी टीव्ही लावायचा नाही, असे तुम्ही सांगत असाल आणि काम तुमच्या घरात होत असेल, तर त्या तुमच्या कर्मचारीच आहेत, मग त्या आठवड्यातून दोनच दिवस का येईनात.

याउलट, तुम्ही मुलाला त्यांच्या घरी सोडत असाल आणि तिथे त्या इतर मुलांनाही सांभाळत असतील, तर त्या सामान्यतः स्वतःचा व्यवसाय करत असतात व तुमच्यावर हा कर लागू होत नाही. आपल्या स्वयंपाकघरात डबे करून घरोघर पोचवणाऱ्या काकूंचेही तेच. एजन्सीमार्फत माणूस घेतला असेल, तर ती एजन्सी पगार ठरवते, देते आणि कामावर देखरेख ठेवते का, की फक्त ओळख करून देते, ते पाहावे. फक्त ओळख करून देणारी एजन्सी तुमची जबाबदारी उचलत नाही.

१०९९ दिल्यावर स्वतंत्र व्यावसायिकांना लागणारा १५.३ टक्क्यांचा संपूर्ण सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर त्या बाईंच्या अंगावर येतो. पुढे कधी काम सुटले आणि त्यांनी राज्याकडे बेकारी भत्त्यासाठी अर्ज केला, की तुमच्या नावावर वेतनाची नोंदच नाही हे तिथे दिसते. चौकशीला सुरुवात होते ती अनेकदा इथूनच.

मर्यादेचा चुकीचा अर्थ

२,८०० डॉलर ही वजावट नव्हे. वर्षभरात दिलेली रक्कम २,७९० असेल, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर शून्य. ती २,८०० झाली, की पहिल्या डॉलरपासून संपूर्ण रकमेवर कर. ही मर्यादा प्रत्येक व्यक्तीसाठी स्वतंत्रपणे मोजली जाते, त्यामुळे २,००० डॉलर घेणाऱ्या दोन जणींची बेरीज करण्याची गरज नसते. केंद्रीय बेकारी कराचा, म्हणजे फ्यूटाचा, निकष मात्र वेगळा आहे : चालू किंवा मागील वर्षातल्या कोणत्याही एका तिमाहीत सर्व घरगुती कर्मचाऱ्यांना मिळून १,००० डॉलर दिले असतील, तर तो लागू होतो. अनेकजण एकच निकष तपासतात आणि दुसरा विसरतात. शिवाय कायद्याच्या भाषेतल्या ‘रोख वेतना’त चेक आणि झेल (Zelle) या बँक-सेवेने पाठवलेले पैसेही येतात, नोटा हातात दिल्या नाहीत म्हणून ते वेतनातून वगळले जात नाहीत.

जोडीदार, २१ वर्षांखालील स्वतःचे मूल आणि, काही अपवाद सोडता, स्वतःचे आईवडील यांना दिलेल्या पैशांवर हा कर नाही. शेजारची १८ वर्षांखालील शाळकरी मुलगी संध्याकाळी बाळाजवळ बसत असेल, तर तिच्या पैशांवरही सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागत नाही.

बाईंचा वाटा कोणी भरायचा?

गोंधळ सर्वांत जास्त इथे होतो. कराचे दर दोघांना सारखे आहेत : सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के, म्हणजे प्रत्येकी ७.६५ टक्के. मावशींना आठवड्याला ६०० डॉलर, असे ५० आठवडे दिले, तर वर्षाचे वेतन ३०,००० डॉलर होते. तुमचा वाटा २,२९५ आणि त्यांचाही २,२९५. त्यांचा वाटा दर आठवड्याच्या पगारातून कापायचा असतो. तो कापलाच नाही, तर वर्षअखेरीस पूर्ण ४,५९० डॉलर आयआरएस तुमच्याकडूनच घेते, कारण न कापलेल्या रकमेलाही तुम्हीच जबाबदार असता.

त्यांचा वाटा आपणच भरायचा, असे ठरवायला काही हरकत नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक घरांत शेवटी तसेच होते. मात्र तसे केल्यास डब्ल्यू-२, म्हणजे कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या वेतनाचा आणि कापलेल्या कराचा फॉर्म, भरताना एक चूक हमखास होते. तुम्ही त्यांच्या वतीने भरलेले २,२९५ डॉलर हे त्यांचे जादा उत्पन्न धरले जाते, परंतु फक्त आयकरापुरते. म्हणून पहिल्या चौकटीत ३२,२९५ येतात, तर तिसऱ्या आणि पाचव्या चौकटीत ३०,०००च राहतात. चौथीत १,८६० आणि सहावीत ४३५. तिन्ही ठिकाणी ३०,००० लिहिले, तर त्यांचे करपात्र उत्पन्न कमी दाखवले जाते. त्यामुळे कोण काय भरणार आणि ठरवलेले ६०० डॉलर कापण्याआधीचे की हातात पडणारे, हे पहिल्या दिवशीच बोलून दोन ओळींत लिहून ठेवावे. डिसेंबरात हा विषय काढला, की दोन्ही घरांत कटुता येते.

आयकर कापणे मात्र सक्तीचे नाही. त्या मागणी करतील आणि तुम्ही मान्य कराल, तरच त्यांच्याकडून डब्ल्यू-४ (किती आयकर कापायचा हे सांगणारा फॉर्म) घेऊन तो कापायचा असतो. तो कापला जात नसेल, तर त्यांना तसे स्पष्ट सांगावे, नाहीतर एप्रिलमध्ये त्यांना अचानक मोठी रक्कम भरावी लागते.

तारखा आणि क्रमांक

शेड्यूल एच १५ एप्रिलला द्यायचे असते, म्हणून सगळेच एप्रिलमध्ये करायचे, असा समज असतो. डब्ल्यू-२ ची मुदत ३१ जानेवारी आहे. कर्मचाऱ्याची प्रतही तोपर्यंत द्यायची आणि डब्ल्यू-३ या गोषवाऱ्याच्या फॉर्मसह सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनकडची प्रतही तोपर्यंतच पाठवायची. २०२६ मध्ये ३१ जानेवारीला शनिवार आल्यामुळे मुदत २ फेब्रुवारीपर्यंत गेली. या फॉर्मवर तुमचा सोशल सिक्युरिटी क्रमांक चालत नाही, ईआयएन, म्हणजे एम्प्लॉयरचा ओळख क्रमांक, लागतो. आयआरएसच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांकडे जाऊ नये. मावशींचे नाव आणि क्रमांक फोनवर विचारून न लिहिता कार्ड पाहून लिहावेत. नाव जुळले नाही, तर भरलेले पैसे त्यांच्या खात्यावर चढत नाहीत, आणि निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या ४० क्रेडिट्सची (कमाईवर जमा होणाऱ्या गुणांची) मोजणी याच नोंदींवरून होते.

कामावर घेतानाच आय-९, म्हणजे काम करण्याच्या परवानगीची पडताळणी करणारा फॉर्म, भरून स्वतःजवळ ठेवावा लागतो. एच-४ (जोडीदाराच्या) व्हिसावर असलेल्या, पण ईएडी हे कामाचे परवानापत्र नसलेल्या ओळखीच्या बाईंना मुले सांभाळायला ठेवण्याची पद्धत आपल्या वस्त्यांत आहे. त्यांना काम करण्याची परवानगी नसते, आणि त्यातला धोका तुमच्यापेक्षा त्यांना अधिक असतो.

एप्रिलचा धक्का

शेड्यूल एचची रक्कम तुमच्या स्वतःच्या एकूण करात मिळवली जाते. वर्षभर त्यासाठी काही भरलेले नसेल, तर कमी भरणा केल्याचा दंडही लागू शकतो. यावर सोपा उपाय म्हणजे नोकरीच्या ठिकाणी आपला डब्ल्यू-४ बदलून दर पगारात थोडा जादा कर कापून घेणे. तिमाही अंदाजित कर भरण्यापेक्षा हे विसरण्याची शक्यता फारच कमी.

पगार कागदावर आणण्याचा एक फायदाही आहे. दोघेही नोकरी करत असतील, तर मूल सांभाळण्याच्या खर्चावरचे क्रेडिट, म्हणजे करातली सूट, फॉर्म २४४१ वर घेता येते : एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च त्यात धरला जातो, आणि तुम्ही भरलेला तुमच्या वाट्याचा करही खर्च म्हणून मोजता येतो. मावशींचा क्रमांक दिल्याशिवाय सहसा हे क्रेडिट मिळत नाही. काहीजण क्रेडिट घेतात आणि शेड्यूल एच जोडत नाहीत. एकाच रिटर्नमध्ये आपल्याच विरुद्ध पुरावा देणे ते हेच.

राज्याचा वेगळा हिशेब

केंद्राचा कर भरला म्हणजे राज्याचाही झाला, असे नाही. फ्यूटाचा दर पहिल्या ७,००० डॉलरवर ६ टक्के, म्हणजे ४२० डॉलर आहे. राज्याचा बेकारी कर १५ एप्रिलपर्यंत भरला असेल, तर सवलत मिळून तो सहसा ४२ डॉलरवर येतो. राज्याने बेकारी भत्त्यासाठी केंद्राकडून घेतलेले कर्ज फेडायचे राहिल्यामुळे कॅलिफोर्नियात ही सवलत कमी मिळते. तिथे एका तिमाहीत ७५० डॉलर वेतन दिले, की १५ दिवसांत ईडीडी या राज्याच्या रोजगार खात्याकडे नोंदणी करावी लागते. न्यू जर्सीत घरगुती कर्मचाऱ्यांसाठी एनजे-९२७-एच हा वार्षिक फॉर्म आहे, तर न्यूयॉर्कमध्ये आठवड्याला ४० तास किंवा अधिक काम करणाऱ्यांसाठी वर्कर्स कॉम्पेन्सेशन (कामावर झालेल्या दुखापतीचा) विमाही सक्तीचा आहे.

मागच्या वर्षांचे राहून गेले असेल तर

ज्या वर्षाचे शेड्यूल एच दिलेच नाही, त्या वर्षाचा १०४०-एक्स हा दुरुस्तीचा रिटर्न भरून त्याला ते जोडावे, आणि त्या वर्षाचा डब्ल्यू-२ उशिरा का होईना, द्यावा. चुकीच्या डब्ल्यू-२ साठी डब्ल्यू-२सी आणि डब्ल्यू-३सी हे दुरुस्तीचे फॉर्म आहेत. १०९९ दिला असेल, तर त्या बाईंनी सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर भरलेला असू शकतो, म्हणून त्यांनाही आपले रिटर्न दुरुस्त करावे लागेल, हे त्यांना आधी सांगावे. एकाहून अधिक वर्षे राहिली असतील, तर घरगुती कर्मचाऱ्यांच्या कराची माहिती असलेला सीपीए (परवानाधारक हिशेबनीस) गाठावा, आणि त्याच्याकडे जाण्यापूर्वी बँकेची विवरणपत्रे व झेलच्या नोंदींवरून प्रत्येक तिमाहीची बेरीज काढून न्यावी.