बाळंतपणानंतरची जिम: आधी पोटातला दाब, मग वजन

सव्वा महिना झाला की बाळंतीण उठली, असं घरात धरलं जातं. जिमसाठी तो हिशोब पुरत नाही. नॉर्मल बाळंतपण असेल तर सहा आठवड्यांनी डॉक्टरांना दाखवून, सिझर असेल तर आठ ते बारा आठवड्यांनी. धावणं आणि उड्या तर कोणत्याही बाळंतपणात तीन महिन्यांच्या आत नाहीत. लेकरू तीन-चार वर्षांचं झालं आणि आता कुठे सवड मिळाली, असं असेल तरी खाली दिलेली पोटाची तपासणी टाळू नका. फाकलेलं पोट, म्हणजे पोटाच्या दोन बाजूंच्या स्नायूंमधली ताणून रुंद झालेली रेष, वर्षानुवर्षं तसंच राहू शकतं.

कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेल्या बाईनं जन्मभर वजन उचलायचं नाही, हा समज गावोगावी आहे. टाके भरले आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की त्यानंतर अडचण नसते. तांबीची तर नसतेच.

जिमची फी भरायच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन रक्ततपासण्या करून घ्या. पहिली हिमोग्लोबिनची. 12 च्या खाली म्हणजे रक्त कमी. 10 च्या खाली असेल तर आधी औषध आणि खाणं, जिम दीड-दोन महिन्यांनी. नाहीतर दुसऱ्याच सेटला (सेट म्हणजे न थांबता केलेल्या वेळांची एक फेरी) डोळ्यांपुढे अंधारी येते आणि दोष व्यायामाला जातो. बाळंतपणानंतर 180 दिवस रोज एक लोहाची गोळी घ्यायची असते, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. ती चहासोबत घेऊ नका, आणि कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात दोन तास तरी जाऊ द्या.

दुसरी तपासणी सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. विदर्भात हा आजार बराच आहे. आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच नाही. नुसती वाहक असाल, म्हणजे दोष एकाकडूनच आला असेल आणि आजार नसेल, तर जिम चालते; पण उन्हाळ्यात, पाणी न पिता, दम तुटेस्तोवर व्यायाम करायचा नाही.

पोट फाकलंय का, ते असं पाहा

सतरंजीवर उताणं झोपा, गुडघे वाकवा, तळपाय जमिनीला. दोन बोटं बेंबीवर आडवी ठेवा. हनुवटी छातीकडे आणत फक्त डोकं आणि खांदे थोडे उचला. मधल्या रेषेत बोटं आत जातात का आणि किती बोटं मावतात ते बघा. हेच बेंबीच्या चार बोटं वर आणि चार बोटं खाली करा. दोन बोटांपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल, किंवा मधोमध पोट धारेसारखं वर येत असेल, तर वजनाला हात लावायची घाई नको.

असं का होतं? पोट चारही बाजूंनी बंद असतं. वर श्वासाचा पडदा, समोर पोटाचे स्नायू, मागे पाठ आणि खाली लघवीची, बाळाची आणि शौचाची जागा तोलून धरणारे स्नायू. बाळंतपणात समोरचा आणि खालचा भाग ताणला जातो. मग आत दाब वाढला की तो ढिल्या जागेतून बाहेर पडतो, उसवल्या शिवणीतून पोत्यातले दाणे सांडावेत तसा. खोकताना लघवीचा थेंब येणं, कंबर धरणं, पोट पुढे दिसत राहणं, या तिन्ही तक्रारींत याचा मोठा हात असतो. म्हणून चरबी जाळायच्या मशीनआधी हा दाब आवरायला शिकायचं.

पहिले दोन आठवडे घरीच, त्याच झोपलेल्या स्थितीत. नाकानं श्वास घ्या, बरगड्या बाजूला फाकल्या पाहिजेत. मग चूल फुंकतो तशी हळू फुंकर सोडत, लघवी आणि गॅस एकाच वेळी रोखल्यासारखं खालून वर ओढा, पाठोपाठ ओटीपोट आत घ्या. पाच सेकंद धरा, मग पूर्ण सोडा. सोडणंही तितकंच कामाचं आहे. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लेकराला पाजताना बसल्या बसल्याही होतं. नितंब आवळले, श्वास कोंडला किंवा खाली जोर लावला तर ते चुकलं. खरोखर लघवी करताना मात्र धार रोखून हा सराव करू नका.

याला जोडून टाच सरकवा: फुंकर सोडत एक टाच जमिनीवरून सरळ करा, श्वास घेत परत आणा. प्रत्येक पायानं आठदा. पोट मधून वर आलं तर थांबा.

जिममध्ये गेल्यावर

तालुक्याच्या जिममध्ये नव्या बाईला बहुधा तयार चार्ट मिळतो: क्रंचेस (झोपून खांदे उचलणं), प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरणं), दोरीवरच्या उड्या, आणि घामाचा पट्टा (घाम येण्यासाठी पोटावर घट्ट बांधतात तो). चारही गोष्टी पोटातला दाब वाढवतात, आणि पट्टा तर तो खाली ढकलतो. ट्रेनरला सरळ सांगा, 'बाळंतपण होऊन इतके महिने झालेत, पोट इतकी बोटं फाकलंय, हे आत्ता नको.' समजदार असेल तर बदलून देईल. नसेल तर खालचं करा.

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस सोडून, चाळीस मिनिटं. सुरुवातीला ट्रेडमिलवर ताशी साडेचार किलोमीटरनं पाच-सात मिनिटं चालणं. टाके दुखत असतील तर सायकलची सीट नको. मग प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, मधे दीड मिनिट विश्रांती:

बेंचवर बसून उठणं, 10 वेळा. जमलं की छातीशी 4 किलोचं डंबेल. पाठीवर झोपून कंबर उचलणं, 12 वेळा. बसून केबल ओढणं, 10 किलोपासून, 12 वेळा. बेंचवर हात ठेवून तिरपे पुश-अप, 8 वेळा. जड गेले तर भिंतीवर. दोन डंबेल जमिनीवरून उचलणं, एका हातात 5 किलो, 10 वेळा. शेवटी तेच डंबेल धरून ताठ चालणं, वीस मीटर, तीन फेऱ्या.

नियम एकच: जोर लावायच्या क्षणी फुंकर आणि खालून वर ओढ, खाली येताना श्वास आत. वजन कधी वाढवायचं? हळूहळू वाढवत दोन्ही सेटमध्ये 12 वेळा झालं आणि अजून दोनदा जमलं असतं असं वाटलं, की पुढच्या वेळी डंबेल एक-दोन किलोनं किंवा मशीनची एक प्लेट वाढवा. चार आठवड्यांनी सेट तीन करा. लोखंडी रॉडचं वजन आधी विचारून घ्या. रिकामा रॉड 20 किलोचाही असतो, आणि तो 'रिकामा' म्हणून पहिल्याच दिवशी खांद्यावर ठेवतात.

वीज नसेल किंवा गाडी चुकली तर तेलाची पाच लिटरची कॅन पाण्यानं भरा, ती साधारण पाच किलोची होते. बसून उठायला घराचा ओटा.

खरं म्हणजे वजन उचलायची सवय गावातल्या बाईला शहरातल्या बाईहून जास्त असते. दहा लिटरचा गुंड भरला की पाणीच दहा किलो, भांडं वेगळं. हाताची ताकद आहे, पोटाची साथ गेलेली असते. बघा कसं उचलतो आपण: पाय जुळवून, गुडघे सरळ, कमरेतून वाकून, हात लांब करून, श्वास कोंडून. त्याऐवजी गुंड दोन पायांच्या मधे घ्या, कुल्ले मागे ढकला, पाठ सरळ, गुंड नडगीला घासेल इतका जवळ, फुंकर सुरू झाली की मग उचला. डंबेलचा व्यायाम हाच आहे. लेकरूही नेहमी एकाच कडेवर घेऊ नका, बाजू बदला.

कापूस वेचणीत कमरेची ओटी पोटापुढे लोंबते आणि ताणलेली मधली रेष आणखी ओढते. चार-पाच किलो झाला की रिकामी करून या, फेऱ्या वाढल्या तरी चालेल. दिवसभर वावरात वाकलात त्या संध्याकाळी जिम नको. पण वावरातलं काम जिमची जागाही घेत नाही: तेच वाकणं हजारदा होतं आणि शरीराला टप्प्याटप्प्यानं वाढतं वजन मिळत नाही.

एप्रिल-मेमध्ये अकोला-चंद्रपूरकडे पारा 45 च्या घरात असताना टिनाखालच्या जिममध्ये दुपारची लेडीज बॅच म्हणजे भट्टी. सकाळी आठच्या आत जमत असेल तरच नाव घाला. तासाला अर्धा लिटर पाणी, घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक. निघायच्या आधी बाळाला पाजा, छाती हलकी होते. आतून घट्ट, आधार देणारी ब्रा घाला. अशा व्यायामानं दूध कमी होत नाही. उपाशी राहिल्यानं आणि पाणी न प्यायल्यानं होऊ शकतं. सलवार-कुर्ता चालतो, फक्त ओढणी ट्रेडमिलपासून लांब, मंगळसूत्र आत, आणि पायात चपलेऐवजी बूट.

पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे 600 उष्मांक जास्त लागतात, पुढचे सहा महिने 520. म्हणजे भाकर तोडायची नाही. तोडायचा तो चहासोबतचा डिंकाचा लाडू, जो गरज संपल्यावरही सवयीनं चालू राहतो. रोज 60 ते 65 ग्रॅम प्रथिनं धरा. 50 ग्रॅम सुक्या सोयावडीत 25 च्या आसपास, दोन अंड्यांत 12, ग्लासभर दुधात 6-7, मूठभर फुटाण्यांत 6, उरलेली भाकर आणि घट्ट वरणातून. प्रथिनांच्या पावडरीचा डबा यात कुठेच लागत नाही. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप. दर पंधरा दिवसांनी बेंबीवरून टेप लावा. काटा हलला नाही तरी टेप हलतो.

लगेच थांबून दवाखाना गाठायचा तो यासाठी: पुन्हा लालभडक रक्त जाणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं. खाली जडपणा किंवा 'अंग बाहेर आल्यासारखं' वाटलं तर वजन बंद करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. लाजेनं लपवायची ही गोष्ट नाही. लघवीचा थेंब आला तर वजन निम्मं करा, श्वास सुधारा, दोन आठवड्यांत फरक नसेल तर त्यासाठीही दाखवा.

माहेरपण, लेकराचा ताप किंवा सोयाबीनची सोंगणी, खंड पडणारच. दोन आठवडे गेले तर पहिल्या दिवशी प्रत्येक मशीनला एक प्लेट कमी, सेट दोनच. तिसऱ्या दिवशी जुन्या वजनावर.