पहिली एन्ड्युरो रेस: मुरुमावर सायकल शिकलेल्यांसाठी

पुण्याहून मला येणारे बरेचसे फोन शेवटी एकाच प्रश्नावर येतात. फोन करणारा वेताळ टेकडीवर वाढलेला असतो, सिंहगडाच्या मागच्या वाटा त्याला पाठ असतात, मावळात सायकल खांद्यावर टाकून तो कुठे कुठे चढलेला असतो. इकडचं-तिकडचं बोलून झालं की हळूच विचारतो, "ताई, एन्ड्युरो जमेल का मला?" एन्ड्युरो म्हणजे माउंटन बाइकची डोंगर उतरायची शर्यत. जमेल. उतरता येतंय, पडून उठता येतंय, पंक्चर काढता येतंय, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. उरलेलं निम्मं रेसच्या आधी घरी बसून करायचं असतं, आणि मुरलेले रायडर नेमका तिथेच आळस करतात.

मी एडिंबरात राहते. ट्वीड नदीचं खोरं इथून गाडीने तासाभराच्या आत. पीबल्सजवळ ग्लेनट्रेस आणि पुढे इनरलेदन, हे दोन डोंगर म्हणजे स्कॉटलंडच्या एन्ड्युरोचं माहेर. २०१४ आणि २०२२ साली एन्ड्युरो वर्ल्ड सीरिज या जागतिक मालिकेची फेरी इथे झाली होती. त्यामुळे उदाहरणं सगळी इथली देते. नियमांचा गाभा मात्र इटलीत गेलात तरी तोच असतो.

स्वरूप साधं आहे. दिवसभरात चार ते सहा स्टेज. स्टेज म्हणजे उतार, आणि घड्याळ फक्त तिथेच चालतं. एका स्टेजवरून दुसरीकडे जाण्याचा चढ म्हणजे ट्रान्झिशन. त्याला वेळ मोजत नाहीत, पण पुढच्या स्टेजला कधी पोचायचं याची मर्यादा बहुतेक ठिकाणी असते, आणि ती चुकली तर दंड बसतो. सगळ्या स्टेजची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो जिंकला. साध्या स्थानिक रेसमध्येही ३०-४० किलोमीटर आणि हजार ते दीड हजार मीटर चढ होतो. म्हणजे सिंहगडाचा घाट दोन-अडीच वेळा, आणि मध्ये मध्ये जीव मुठीत धरून उतरायचं. फ्रान्समध्ये फ्रेड ग्लो यांनी असल्या रेस सुरू केल्या, इटलीतही त्याच वाटेने मालिका उभी राहिली, आणि २०१३ मध्ये टस्कनीतल्या पुंता आला इथे वर्ल्ड सीरिजची पहिली फेरी झाली. फ्रान्सचा फाबिएन बारेल जिंकला होता. २०२३ पासून तिचं नाव एन्ड्युरो वर्ल्ड कप. तुमचा-आमचा संबंध त्याच्या चार पायऱ्या खाली, जिथे मास्टर्स आणि व्हेटरन या वयाने मोठ्यांच्या गटांत पोटं सुटलेले लोकही असतात आणि ते भयंकर वेगाने उतरतात.

आता माझं एकच म्हणणं. पहिल्या रेसमध्ये कुठल्याही स्टेजच्या मध्ये थांबायचं नाही, एवढंच लक्ष्य ठेवा. जरा जपून चालवलंत तर धाडसी माणसापेक्षा एका स्टेजला दहा-पंधरा सेकंद मागे राहाल. पडलात, हँडल सरळ केलं, चेन चढवली, की तेवढे एका फटक्यात गेले. पंक्चर झालं तर हिशेबच मिटला. म्हणून तयारीचा क्रम टायर, ब्रेक, शरीर असा, आणि धाडस सगळ्यांत शेवटी.

नवी सायकल घेऊ नका. १४० ते १७० मिलिमीटर ट्रॅव्हलची (म्हणजे सस्पेन्शन तेवढं दबणारी), ड्रॉपर पोस्ट (चालवता चालवता खाली-वर होणारी सीट) असलेली, तुमच्या अंगवळणी पडलेली फुल-सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली सायकल पुरते. चांगली हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली, असेल तरी कोणी हाकलून देत नाही, फक्त संध्याकाळी कंबर विचारेल. पैसे टायरवर घाला. आपल्याकडे सपाटीवर हलकं वाटावं म्हणून लोक पातळ केसिंगचे, म्हणजे पातळ कापडाच्या थराचे, टायर वापरतात. एन्ड्युरोत मागचा टायर दणकटच हवा, डबल-डाउन किंवा त्या जातीचा जाड थरांचा, आणि आत फोमचा इन्सर्ट असेल तर उत्तम. वजन वाढतं, चढावर शिव्या घालाल, घाला. मी साठ किलोच्या आसपास आहे. ओल्यात पुढे २१, मागे २४ पीएसआय ठेवते. तुम्ही ऐंशीचे असाल तर दोन-तीन वाढवा. हवा गेजने मोजा. अंगठ्याने दाबून "ठीक आहे" म्हणणारे लोक मला नको आहेत. ट्यूबलेसचं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं आतलं द्रव, सुकलंय का तेही बघा, पुण्याच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत दह्यासारखं होतं.

ब्रेकबद्दल जरा जास्त बोलते, कारण इथे येणाऱ्या प्रत्येक देशी रायडरची गाडी इथेच अडते. आपल्याकडे कोरडं असतं, तिथे रेझिनचे (धातू नसलेले, मऊ) ब्रेक पॅड वर्षभर चालतात, आवाज नाही, मऊ पकड, सगळे खूश. ट्वीडच्या खोऱ्यातला चिखल वाळूमिश्रित असतो. त्यात रेझिनचा पॅड एका ओल्या दिवसात पत्र्यापर्यंत झिजलेला मी पाहिला आहे. सकाळी लिव्हर नीट, दुपारी लिव्हर ग्रिपला टेकतोय आणि रोटरवरून (चाकावरच्या ब्रेकच्या चकतीवरून) करवतीचा आवाज. म्हणून ओल्या रेसला धातूचे पॅड टाका. रेसच्या आदल्या रात्री नवे पॅड टाकून सकाळी थेट स्टेजवर जाऊ नका. नवा पॅड बसवावा लागतो: एखाद्या डांबरी उतारावर चांगल्या वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, पुढचा वेगळा, मागचा वेगळा, पंधरा-वीस वेळा. पकड वाढत गेलेली बोटाला कळते. ती कळेपर्यंत करा. पुढे २०० मिलिमीटरचा रोटर असावा, आणि जुन्या जोडीचे अर्धे झिजलेले पॅड फेकू नका, खिशात ठेवा.

ब्रेकशी बांधलेलं दुसरं दुखणं म्हणजे हात भरून येणं. तीन मिनिटांच्या उताराला कधी जाणवलं नसेल. सहा मिनिटांच्या स्टेजच्या शेवटी बोटं उघडत नाहीत आणि नेमकं तिथेच अवघड वळण ठेवलेलं असतं. लिव्हर ग्रिपच्या जवळ आणा, एकाच बोटाने ब्रेक लावा, आणि सतत दाबून ठेवण्याची सवय मोडा. जोरात, थोडा वेळ, मग पूर्ण सोडा. मुरमाच्या घसाऱ्यावर मागचा ब्रेक धरून सायकल सरकवत नेण्यात आपण पटाईत असतो. इथे ती कला उलटते. जमिनीत स्प्रूसच्या झाडांची मुळं शिरांसारखी वर आलेली असतात, वर पाऊस. मुळावर ब्रेक लावला की चाक बाजूला जातं, विचार करायला वेळ मिळत नाही. मुळांच्या जाळ्याच्या आधी वेग कमी करा, मग बोटं सोडा, वजन पायांत, मुळं शक्य तितकी काटकोनात ओलांडा, पुढचं चाक किंचित हलकं ठेवा. सराव पुण्यात करायचा असेल तर पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर करा, भाव तोच आहे.

शरीराचं म्हणाल तर रोज तासन्‌तास रोड बाइक मारून एन्ड्युरो येत नाही. दमलेल्या पायांनी उतरणं यायला हवं. आठवड्यातून एकदा असा दिवस ठेवा: चढ चढा, वर पोचल्यावर दम न घेता उतरा, पुन्हा चढा, पुन्हा उतरा. उतारात जिथे सपाट तुकडा येतो तिथे उभं राहून पॅडल मारा. स्टेज म्हणजे सगळा उतार असं लोकांना वाटतं, मधल्या चाळीस सेकंदांच्या सपाटीला आणि एखाद्या खडूस चढाला पाय जळतात. दुसरी सवय, अनोळखी वाटा. वेताळ टेकडीवर तुम्हाला प्रत्येक दगड ओळखतो. रेसमध्ये एखादाच सराव मिळतो, काही ठिकाणी तोही नाही. म्हणून मुळशी, कामशेत, पाचगणी, जिथे जाल तिथे न पाहिलेली वाट पहिल्याच फेरीत ऐंशी टक्के वेगाने उतरायचा सराव करा. नजर चाकासमोर न ठेवता पुढच्या वळणाच्या तोंडाशी ठेवा.

क्लिप (बूट अडकतो ते पॅडल) की फ्लॅट (साधं सपाट), हा वाद इथे आणू नका. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २०१७ ते २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं वर्ल्ड सीरिज फ्लॅट पॅडलवर जिंकली. तुमचा निकाल पॅडलवरून लागणार नाही.

सरावाचा दिवस बहुतेकदा शनिवारी असतो. त्या दिवशी हौसेने प्रत्येक स्टेज दोनदा-तीनदा करणारे लोक रविवारी तिसऱ्या स्टेजला संपतात. प्रत्येक स्टेज एकदा, सावकाश. जिथे शंका आली तिथे थांबा, सायकल वाटेच्या बाहेर ठेवा, चालत खाली जा आणि तिथून वर बघा. खालून पाहिलं की वरून न दिसलेली सोपी ओळ दिसते. एका स्टेजच्या तीनच गोष्टी लक्षात ठेवा: कुठे मोडू शकतो, कुठे पॅडल मारायचं, आणि शेवट कुठे आहे. बाकीचं डोकं आणि व्हिडिओ रात्री सांभाळून घेतात. रविवारपर्यंत दोनशे चाकं जाऊन वाट बदललेली असणार, काळ्या मऊ मातीत खोल चाकोऱ्या पडलेल्या असणार. चाकोरीत शिरलात तर तिच्याशी भांडू नका, ती नेईल तिकडे जा. टेपच्या आत तुम्ही कुठूनही जाऊ शकता. टेपच्या बाहेर फेकले गेलात तर जिथून बाहेर गेलात तिथूनच आत या, नाहीतर बाद.

पाठीवर किंवा कमरेच्या पट्ट्यात काय असावं? एक ट्यूब, पंप, टायरची भोकं बुजवायची प्लगची किट, तुटलेली चेन जोडायचे दोन क्विक लिंक, मल्टिटूल, तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा), झिपटाय, ते जुने पॅड. हँगर सगळे विसरतात. तो सायकलीगणिक वेगळा असतो, त्यामुळे कोणाकडून उसना मिळत नाही. बाहेरची मदत अनेक रेसमध्ये फक्त ठरलेल्या टेक झोनमध्येच (दुरुस्तीच्या जागेत) चालते. हेल्मेटचा नियम आधी वाचा. स्टेजवर फुल-फेस (हनुवटीसकट तोंड झाकणारं) सक्तीचं असेल तर हनुवटीचा भाग निघणारं घ्या, किंवा चढावर हेल्मेट बॅगेला अडकवण्याची सोय करा. गुडघ्याचे पॅड चढताना खाली सरकवता येतील असे हवेत.

ट्रान्झिशनवर कोणाशीही शर्यत लावू नका. गप्पा मारत चढा. तासाला ५०-६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. दोन मोठे मेजूल खजूर म्हणजे पस्तीसच्या आसपास, वर घोटभर इलेक्ट्रोल. चिक्की खिशात चुरा होते, केळ्याचा शिरा होतो; आईच्या हातचा खजूर-दाण्याचा लाडू बटर पेपरमध्ये गुंडाळला तर दिवसभर टिकतो. भूक लागायच्या आत खा, कारण दुसऱ्या स्टेजनंतर खावंसं वाटत नाही.

स्टेजच्या वरती रांग असते, उन्हाळ्यात मिज नावाची बारीक चिलटं कानात शिरतात, आणि वीस-तीस सेकंदांच्या अंतराने एकेक जण सुटतो. तुमच्या पुढे तीन जण उरले की खालून वर तपासा: दोन्ही टायर हाताने दाबून, मागच्या शॉकचा, चढावर तो घट्ट करणारा लिव्हर उघडा आहे ना, सीट खाली, योग्य गिअर, गुडघ्याचे पॅड वर, हनुवटीचा पट्टा, गॉगल, मनगटावरची चिप. शॉक बंद ठेवून सुटणारा माणूस दर रेसला एक तरी असतो. हा क्रम घरीच पाठ करा, कारण तिथे घड्याळाची टिकटिक ऐकून नाव विचारलं तरी सांगता येत नाही.

सुटल्यावर पहिली तीस सेकंद मुद्दाम राखून चालवा. मागून "रायडर!" अशी हाक आली तर मागे वळून बघू नका, पहिल्या मोकळ्या जागी बाजू द्या, दोन सेकंद जातील. कोणी पडून उठत नसेल तर थांबायचंच. मार्शलला (वाटेवर उभ्या आयोजकांच्या माणसाला) तुमचा आणि पडलेल्याचा नंबर सांगा, वेळेचं काय करायचं ते आयोजक बघतात.

निकाल लागला की एकूण क्रमांक बघून फोन खिशात टाकू नका. स्टेजप्रमाणे वेळा बघा, तुमच्याच गटातल्या, तुमच्या आसपासच्या पाच-सहा जणांशी. सपाटी असलेल्या स्टेजला मागे पडलात तर पाय कमी पडले. शेवटच्या दोन स्टेजला घसरलात तर खाणं चुकलं. तीव्र उताराच्या स्टेजलाच वेळ गेला असेल तर ब्रेकची सवय, वर सांगितलेली.

भारतातून येणाऱ्यांसाठी थोडं. प्रवेश काही महिने आधी उघडतात आणि भरभर भरतात, व्हिसाच्या आधी तारीख बघा. प्रवास विम्यात बहुतेकदा शर्यत धरलेली नसते, ते कलम शब्द न्‌ शब्द वाचा, गरज पडली तर वेगळा विमा काढा. स्वतःची सायकल आणणार असाल तर रोटर काढून कपड्यांत गुंडाळा, कॅलिपरमध्ये (पॅड बसतात त्या ब्रेकच्या चिमट्यात) प्लास्टिकचा तुकडा घाला, सीलंट इथे घ्या, टायर फुगवायची गॅसची काडतुसं विमान कंपनीला विचारल्याशिवाय टाकू नका. भाड्याने घेणार असाल तर ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक आपल्यासारखाच उजव्या हाताला मिळेल. इटली-फ्रान्सला गेलात तर तो डाव्या हाताला असतो. दुकानदाराला तिथल्या तिथे अदलाबदल करून द्यायला सांगा आणि पार्किंगमध्ये चार चकरा मारल्याशिवाय डोंगराकडे जाऊ नका.