लॉग वाचताना या चुका टाळा

सर्व्हर अडल्याचा फोन आला की मी पहिल्यांदा एवढेच विचारतो, "लॉगमध्ये काय दिसते?" (लॉग म्हणजे यंत्राने घडामोडींची वेळेसह लिहून ठेवलेली नोंद.) आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "एरर शोधला, काही सापडले नाही." इंदूरमधील लहान दुकाने आणि कार्यालये यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. या एका वाक्याने माझ्या जेवढ्या संध्याकाळी वाया घालवल्या, तेवढ्या खऱ्या बिघाडांनीही घालवल्या नसतील. लॉग गाळण्याची साधने उत्तम आहेत, यात वाद नाही. परंतु काय गाळायचे हे ठाऊक नसताना चाळणी हाती घेतली की नेमकी हवी ती ओळच खाली पडते.

"एरर" या शब्दावर ग्रेप लावून मोकळे होणे

ही माझी सर्वांत नावडती चूक आहे (ग्रेप म्हणजे दिलेला शब्द असलेल्या ओळीच दाखवणारी कमांड), आणि तिच्यामागे एक प्रसंग आहे. दिवाळीच्या आठवड्यात सियागंजातील एका घाऊक किराणा दुकानाचे बिलिंग रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बंद पडू लागले. दोन-तीन मिनिटांत ते आपोआप पुन्हा सुरू होई, पण तेवढ्या वेळात गल्ल्यापुढे रांग लागे. आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा तेथे गेला, त्याने सिसलॉगच्या, म्हणजे यंत्राच्या सामाईक लॉगच्या, फाइलवर "एरर" शब्दाचा ग्रेप लावला, आणि पडद्यावर शे-दीडशे ओळी आल्या. सगळ्या पावती छापणाऱ्या प्रिंटरच्या होत्या. "काका, प्रिंटरच आहे," असे त्याने फोनवर सांगितले आणि मीही हातातले काम न सोडता "बरं" म्हणालो. पहिल्या दिवशी केबल बदलली, दुसऱ्या दिवशी प्रिंटर बदलला, आणि तिसऱ्या दिवशी साडेसहाला बिलिंग पुन्हा बंद पडले.

मग मी स्वतः जाऊन बसलो. कोणताही शब्द न शोधता जर्नलसीटीएलला, म्हणजे यंत्राची नोंदवही (जर्नल) दाखवणाऱ्या कमांडला, फक्त सिन्स आणि अनटिल हे दोन पर्याय देऊन १८:२० ते १८:४० एवढाच काळ उघडला. साडेचारशेच्या आसपास ओळी होत्या. वाचायला दहा मिनिटे पुरली. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलने १८:३१ ला लिहून ठेवले होते: "आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस", आणि पुढे मायएसक्यूएल या डेटाबेसचे नाव. या ओळीत "एरर" हा शब्द कोठेही नसतो. यंत्राची मेमरी संपली, कर्नलने डेटाबेस मारला, पाठीमागे चालणारे प्रोग्राम (सर्व्हिस) सांभाळणाऱ्या सिस्टिमडीने तो पुन्हा उठवला, आणि हे सारे स्पष्ट लिहिलेले असताना आम्ही दोन दिवस प्रिंटर बदलत होतो.

येथेही एक पाऊल पुढे जावे लागते, कारण मारला गेलेला प्रोसेस (चालू प्रोग्राम) हाच दोषी असतो असे नाही. कर्नल साधारणपणे त्या क्षणी सर्वाधिक मेमरी धरून बसलेल्याला निवडतो. त्या ओळीच्या वर, सर्व प्रोसेसचा एक तक्ता कर्नल छापतो, आणि "किल्ड" शब्दावर ग्रेप लावणाऱ्याला तो तक्ता कधीच दिसत नाही. त्यातील मेमरीचे आकडे किलोबाइटमध्ये नसून चार किलोबाइटच्या पानांमध्ये असतात, हेही लक्षात ठेवावे. आमच्या तक्त्यात मायएसक्यूएलच्या खालोखाल एक स्क्रिप्ट ३,६०,००० पाने, म्हणजे सुमारे १.४ जीबी, धरून होती. आणि संपूर्ण यंत्राची मेमरी ४ जीबी. मालाचा अहवाल काढणारी ती स्क्रिप्ट क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या यंत्रणेत, १८:२५ ला लावलेली होती. उन्हाळ्यात ती मीच लावली होती. तेव्हा विक्री कमी होती म्हणून भागून गेले. दिवाळीच्या बिलांनी तिचे पोट फुगले.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की आधी काळ ठरवायचा, तेवढा तुकडा लेस या पानापानाने दाखवणाऱ्या कमांडमध्ये उघडून सलग वाचायचा, आणि मगच ग्रेपला डॅश व्ही देऊन ओळखीच्या निरुपद्रवी ओळी एकेक करून वगळायच्या. तांदूळ निवडताना आपण खडे बाजूला काढतो, तांदूळ एकेक दाणा उचलीत बसत नाही. पद्धत संथ आहे हे मान्य; पण ज्यांना एका ओळीची जादूची कमांड हवी असते, त्यांनी प्रिंटरचा खर्चही हिशेबात धरावा.

यावर कोणी सांगेल की शब्दाऐवजी पातळीवर गाळावे, म्हणजे जर्नलसीटीएलला डॅश पी ई-आर-आर द्यावे. हा सल्ला बरा आहे. सिसलॉगच्या आठ पातळ्या ० ते ७ अशा असतात, ० सर्वांत गंभीर, आणि या पर्यायाने ० ते ३ पर्यंतच्या नोंदी मिळतात. वरची कर्नलची ओळही त्यात सापडली असती. मात्र एखादी सर्व्हिस आपले म्हणणे नुसते आउटपुटवर छापत असेल, तर तिने कितीही आक्रोश केला तरी सिस्टिमडी ते मुळात "इन्फो" या ६ क्रमांकाच्या पातळीवर नोंदवते. म्हणून पातळी लावून काही मिळाले तर घ्यावे. काही मिळाले नाही, तर त्यावरून काही घडलेच नाही असे समजू नये.

घड्याळ न पाहणे

त्याच प्रसंगात त्या मुलाने मायएसक्यूएलची स्वतंत्र एरर फाइलही पाहिली होती, हे मला नंतर कळले. तीत डेटाबेस सुरू झाल्याची नोंद १३:०१ ची होती. "दुपारी एकला तर दुकान सुरळीत होते," म्हणून त्याने ती सोडून दिली. त्या वेळेच्या शेवटी इंग्रजी झेड हे अक्षर होते, आणि त्याचा अर्थ ही वेळ यूटीसीची, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाण वेळेची, आहे. मायएसक्यूएल ५.७.२ पासून एरर फाइलमधील वेळ, वेगळे सांगितले नसेल तर, यूटीसीमध्ये लिहिते. मग यंत्राचे घड्याळ भारतीय वेळेवर असले तरी. १३:०१ मध्ये साडेपाच तास मिळवले की १८:३१ होतात. शिवाय त्या नोंदीच्या आधी डेटाबेस रीतसर बंद झाल्याची एकही ओळ नव्हती. सुरू झाल्याची नोंद आहे आणि बंद झाल्याची नाही, एवढ्यावरूनच तो मारला गेला असावा हे ओळखता आले असते.

भाड्याने घेतलेल्या क्लाउड यंत्रांवर तर बहुधा सगळे घड्याळच यूटीसीवर असते. मी कोणत्याही यंत्रावर गेलो की घड्याळ आणि टाइमझोन दाखवणारे टाइमडेटसीटीएल चालवून पाहतो, आणि ग्राहकाने सांगितलेली वेळ कागदावर दोन्ही घड्याळांनी लिहून ठेवतो. तोंडी हिशेबात साडेपाचचे साडेचार कधी होतात ते कळत नाही. जुन्या पद्धतीच्या सिसलॉग नोंदीत तर टाइमझोन नसतो आणि वर्षही नसते, त्यामुळे जुनी फाइल चाळताना मागच्या वर्षीची ओळ यंदाची समजण्याचा धोका राहतो.

आधी रीस्टार्ट, मग लॉग

उतावळ्या नवशिक्यांचा हा आवडता उपाय आहे. जर्नलची साठवण मूळ मांडणीत "ऑटो" असते. म्हणजे /व्हार/लॉग/जर्नल हे फोल्डर असेल तरच नोंदी डिस्कवर राहतात, नसेल तर त्या /रन खाली मेमरीत राहतात आणि यंत्राच्या रीस्टार्टबरोबर नाहीशा होतात. त्यानंतर जर्नलसीटीएलला डॅश बी उणे एक देऊन मागच्या बूटच्या, म्हणजे रीस्टार्टआधीच्या, नोंदी मागितल्या, तर मिळायला काही उरलेलेच नसते. नवे यंत्र हाती आले की ते फोल्डर आहे की नाही हे मी त्याच दिवशी पाहतो, नसेल तर तयार करून जर्नलसीटीएलला फ्लश हा पर्याय देतो, म्हणजे मेमरीतल्या नोंदी डिस्कवर जातात. जागेची फार काळजी करू नये. जर्नल आपण होऊन त्या फाइल सिस्टिमच्या १० टक्के, आणि जास्तीत जास्त ४ जीबी, एवढ्यावर थांबते.

चालू लॉग फाइल आरएमने उडवणे

डिस्क भरली म्हणून मोठी लॉग फाइल आरएम या कमांडने पुसली, तरी जागा मोकळी होत नाही, कारण लिहिणाऱ्या सर्व्हिसने ती फाइल उघडी धरलेली असते. नाव गेले, पण मजकूर डिस्कवर तसाच राहिला, आणि आता तो नेहमीच्या वाटेने वाचताही येत नाही. उघड्या फाइल दाखवणाऱ्या एलएसओएफला अधिक एल १ दिले की अशा बेवारशी फाइल दिसतात. पुसायचेच असेल तर ट्रंकेटने फाइलचा आकार शून्य करावा. आणि त्याही आधी, ती एवढी फुगली कशाने हे शेवटच्या शंभर ओळी वाचून पाहावे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. फाइलच्या शेवटी येणाऱ्या नव्या ओळी दाखवणाऱ्या टेलला लहान एफ दिला, तर जुने लॉग बाजूला सारणाऱ्या लॉगरोटेटने रात्री फाइल बदलल्यावर टेल जुन्याच फाइलकडे पाहत बसतो. म्हणून मोठा एफ द्यावा. जुनी नोंद सापडत नसेल, तर ती जीझेड झालेल्या, म्हणजे आकार दाबून ठेवलेल्या, फाइलमध्ये असू शकते. तेथे झेडग्रेप चालतो. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) पासून सिसलॉगची फाइल लिहिणारे आरसिसलॉग मुळात बसवलेले नसते, त्यामुळे /व्हार/लॉग/सिसलॉग दिसत नाही म्हणून घाबरू नये, जर्नल पाहावे. जर्नलसीटीएलमध्ये लांब ओळी उजवीकडे कापल्यासारख्या दिसतात, त्या कापलेल्या नसतात. उजवा बाण दाबावा. चालू लॉगवर एकापुढे एक दोन ग्रेप जोडले की पडदा बराच वेळ कोरा राहतो, कारण पहिला ग्रेप ओळी साठवून मग सोडतो. त्याला लाइन-बफर्ड हा पर्याय द्यावा. "सप्रेस्ड" असा शब्द असलेली ओळ दिसली, तर एखादी सर्व्हिस अर्ध्या मिनिटात मर्यादेपेक्षा अधिक बडबडली आणि जर्नलने तिच्या पुढच्या नोंदी टाकून दिल्या असे समजावे. तेथील शांततेवर विश्वास ठेवू नये.

आणि सुडो न लावता, म्हणजे व्यवस्थापकाचे अधिकार न घेता, साध्या खात्यातून जर्नल उघडून "लॉग रिकामा आहे" असे कळवू नये. त्या खात्याला फक्त स्वतःच्या नोंदी दिसतात, आणि तसे सांगणारी सूचना जर्नलसीटीएल अगदी सुरुवातीलाच छापते. रोज लॉग पाहणाऱ्याचे खाते सिस्टिमडी-जर्नल या गटात घालून एकदा लॉगआउट करून परत यावे. लॉगआउट केले नाही तर गट लागू होत नाही, आणि त्याबद्दलचा फोनही मलाच येतो.