सोयाबीनच्या हंगामाआधी कंपनीकडे जा

कृषी-व्यवसाय शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे, की कंपन्यांशी एमओयू (सामंजस्य करार) करण्याच्या मागे धावू नका. सही होते, फोटो निघतो आणि वर्गातलं काहीच बदलत नाही. आधी कंपनीकडून एक प्रश्न मागून आणा, ज्याच्यापायी तिचे पैसे जाताहेत असा.

इंदुरात हे मागायला संकोच वाटण्याचं कारण नाही. 1924 साली होळकरांच्या या शहरात ब्रिटिश शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांची वनस्पती संशोधन संस्था उभी राहिली, तिला कापसावरच्या उपकरातून चालणाऱ्या समितीचा पैसा होता. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तिथलीच. आयटीसी कंपनीनेही 2000 साली ई-चौपालला, म्हणजे गावातल्या संगणकावर भाव दाखवून शेतकऱ्याकडून थेट माल घेण्याला, सुरुवात केली ती मध्य प्रदेशातल्या सोयाबीनपासून.

जायचं केव्हा? जून-जुलैत. ऑक्टोबरमध्ये माल मंडीत उतरू लागला की खरेदी मॅनेजरला डोकं वर काढायला फुरसत नसते. प्राचार्यांचं पत्र सोबत न्या, पण भेट मालकाची नको, खरेदी बघणाऱ्या माणसाची घ्या. त्याला विचारा, ‘गेल्या हंगामात कशात नुकसान झालं?’ तो बहुतेक ओलाव्यापासून सुरुवात करतो.

तोच तुमचा धडा. 14 टक्के ओलाव्याचं एक क्विंटल सोयाबीन 10 टक्क्यांवर आणलं तर साधारण 95 किलो 560 ग्रॅम उरतं, म्हणजे जवळपास साडेचार किलो पाणी उडून गेलं. हा हिशेब फळ्यावर पाच मिनिटांत होतो. पण मुलांना इंदूरच्या छावणी धान्य मंडीत उभं करा. लिलावाची बोली, हमाली, तोलाई, व्यापाऱ्याचा हिशेब, ट्रकभाडं आणि तेलाच्या प्लांटवर झालेली कपात, सगळं एका वहीत लिहायला लावा. एकाच ट्रॉलीचा भाव शेतकऱ्याच्या हातात किती आणि प्लांटच्या फाटकावर किती, हे त्या वहीतून निघालं की ‘मार्केटिंग मार्जिन’ पाठ करावं लागत नाही. कपात ओलाव्याच्या प्रमाणात आहे की जास्त, हेही कळतं. आकडा कंपनीला आवडला नाही तरी तो अहवालात राहू द्या.

म्हणून कागदावर चार गोष्टी आधीच लिहून घ्या: विद्यार्थ्याला विद्यावेतन आणि विमा, कंपनीचा एक माणूस आठवड्यातून ठरलेला वेळ देईल, आकडे प्रबंधात वापरता येतील, आणि शेतकऱ्यांची नावं-नंबर विक्रीसाठी दिले जाणार नाहीत. शेवटच्या अटीवर अडून बसा. एका बियाणे-औषधांच्या कंपनीने आमच्या मुलांना ‘सर्वेक्षण’ म्हणून गावोगाव पाठवलं आणि हातात ऑर्डरचे फॉर्म दिले. शेतकऱ्याने कॉलेजच्या नावावर दार उघडलं होतं. असं दिसलं की त्याच दिवशी मुलांना परत बोलवा.

मोठं नावच हवं असा हट्ट धरू नका. आमच्या मराठी घरांत अजून सरकारी नोकरीचीच वाट पाहतात, नाहीतर बहुराष्ट्रीय कंपनीची. मला मात्र इंदूरजवळच्या सांवेर-देपालपूरकडची, शेतकऱ्यांच्याच मालकीची शेतकरी उत्पादक कंपनी जास्त शिकवणारी वाटते. तिथे तिसऱ्या दिवशी मुलाच्या हातात खरेदीचं रजिस्टर येतं, मोठ्या प्लांटमध्ये महिनाभर तो ओळखपत्र लावून नुसता फिरतो.

काम सातव्या सत्रातल्या ‘रावे’ला (ग्रामीण कृषी कार्यानुभवाला) जोडा, म्हणजे वेगळ्या मंजुरीवाचून गुण मिळतात. तोंडी परीक्षेला त्याच खरेदी मॅनेजरला बसवा, आणि मंडीतल्या एखाद्या व्यापाऱ्यालाही.