मोडी कागदांचा रुमाल सोडण्यापूर्वी

सोलापूर, मंगळवेढा, पंढरपूर या भागातल्या एखाद्या वाड्यात किंवा मठात मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, हाती आला, तर ते कागद तारखेवार लावण्याचा मोह प्रथम आवरावा; कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता, हाच पुष्कळदा तो कोणत्या व्यवहारातला याचा एकमेव पुरावा असतो. बांधलेल्या स्थितीत छायाचित्र घ्यावे, मगच गाठ सोडावी आणि प्रत्येक कागदाच्या पाठीवर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने रुमाल, पुडके व कागद यांचे क्रमांक ३/२/१४ असे घालावेत.

हे काम मे महिन्यात करू नये. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात कागद घडीवरच तुटतो. माझ्या हातून एक इनामपत्र असेच दुभंगले. तुकडे चिकटपट्टीने न जोडता एका पाकिटात ठेवावेत. काजळाची शाई पाण्याने पसरते, म्हणून ओले फडके वर्ज्य. अक्षरांवर चमचमणारे कण ही धूळ नव्हे, शाई सुकवण्यासाठी टाकलेली वाळू असते. ती खरवडू नये.

शिक्क्याची नोंद स्वतंत्र घ्यावी: जागा, आकार, मिलिमीटरमध्ये माप आणि वाचता येईल तेवढाच मजकूर. मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, मजकूर संपतो तिथेच असते, पुढे कोणी ओळ वाढवू नये म्हणून. लांब कागदाच्या पाठीवर जोडावरही शिक्के असतात; जोड सुटला असेल, तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळवून कोणता तुकडा कोणाचा हे ठरवता येते, म्हणून पाठीचेही छायाचित्र हवेच. फारसी शिक्क्यावरचा सन बहुधा शिक्का खोदल्याचा असतो, तो कागदाची तारीख समजू नये. मूळ पितळी शिक्का मिळाल्यास चिंचेने घासू नये आणि हौसेने शाई लावून उठवूही नये.

तारीख आधी जशीच्या तशी उतरवावी. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ हे अरबी संख्याशब्द, म्हणजे मराठी कागदांत वापरला जाणारा शुहूर सन ११६१. त्यात मृग नक्षत्रापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन येतो, म्हणूनच जानेवारी १७६१ चे पानिपत याच सनात पडते.

बांधायला रंगीत कापड नको, रंग उतरतो. कोरे मांजरपाट चालेल, परंतु त्यातली खळ कागद खाणाऱ्या कसरीला बोलावते, हे यंत्रमागांच्या सोलापुरात कोणाला सांगायला नको. पाणी गढूळ येणे थांबेपर्यंत ते कापड गरम पाण्यात धुऊन, कडक वाळवून मगच वापरावे.