ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करताना माइक आधी उंच करा

नवखा माणूस विचारतो, "किती माइक नेऊ?" मी विचारतो, "स्टँड किती उंच जातो?" ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमध्ये निम्मं मिक्सिंग स्टँडच्या उंचीतच होतं.

हिशोबच बघा. मुख्य माइक जमिनीपासून दीड मीटरवर ठेवला, तर जवळची व्हायोलिनं दोन मीटरवर आणि क्लॅरिनेट आठ मीटरवर, म्हणजे चौपट लांब. व्हायोलिनच्या तारांवरची गजाची खरखर कानात घुसते आणि लाकडी सुषिरवाद्यं मागच्या खोलीत वाजल्यासारखी वाटतात. तोच माइक साडेतीन मीटरवर नेला की ही तफावत अडीच-पावणेतीनपटीवर येते. फेडरला (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) हात न लावता समतोल साधतो.

मी स्टँड कंडक्टरच्या डोक्यामागे उभा करतो आणि तालमीत हेडफोन लावून अर्धा-अर्धा मीटर पुढेमागे सरकवतो. आवाज फार कोरडा वाटला तर मागे, सगळं एकमेकांत कालवल्यासारखं झालं तर पुढे. ऑम्नी, म्हणजे सगळ्या दिशांनी सारखंच ऐकणारे माइक असतील तर खर्ज भरघोस मिळतो, पण हॉलचा घुमारा चहूबाजूंनी येतो. ऑम्नी एक मीटरवर जेवढा घुमारा घेतो, तेवढाच घुमारा घेण्यासाठी कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा माइक, सुमारे 1.7 मीटरवर न्यावा लागतो.

दोनच माइक असतील तर ओआरटीएफ नावाची स्टिरिओ मांडणी लावा: दोन कार्डिऑइड, मध्ये 17 सेंटिमीटर, कोन 110 अंश. हाताशी तीन ऑम्नी असतील तर 1950च्या दशकात रुळलेला डेक्का ट्री, म्हणजे तीन माइकची त्रिकोणी मांडणी. डावा-उजवा साधारण दोन मीटर अंतरावर, मधला दीड मीटर पुढे. मापं काही दगडावरची रेघ नाही, मी हॉल बघून आवळतो. मधल्या माइकमुळे मध्यभागी पोकळी पडत नाही.

आता स्पॉट माइक, म्हणजे एखाद्याच वाद्याजवळ लावलेला जादा माइक. एकदा ओबोच्या सोलोसाठी मी एक मीटरवरून स्पॉट घेतला आणि त्याला डीले द्यायचा, म्हणजे त्याचा आवाज मुख्य माइकशी जुळेल इतका उशिरा करायचा विसरलो. घरी ऐकतो तर ओबोवाला थेट कंडक्टरच्या मांडीवर! मुख्य माइक त्याच्यापासून आठ मीटरवर होता. सात मीटरच्या फरकाने स्पॉटचा आवाज सुमारे 20 मिलिसेकंद आधी पोचला, आणि कान आधी आलेल्यावर विश्वास ठेवतो. दर मीटरला साधारण 2.9 मिलिसेकंद धरा. शंका असेल तर वादकाच्या खुर्चीजवळ टाळी वाजवून दोन्ही ट्रॅकवरच्या टाळीच्या टोकांमधला फरक मोजा. मग फेडर असा ठेवा, की स्पॉट बंद केला तरच त्याची उणीव जाणवेल.

फ्रेंच हॉर्नला मात्र मागून माइक लावू नका. त्याचं तोंड मागे असतं, आणि आपण ऐकतो तो बराचसा मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज.

आणि तालमीतच समाधान मानू नका. प्रेक्षक येऊन बसले की घुमारा शोषला जातो, आवाज कोरडा होतो. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये मी माइक किंचित जास्त मागे ठेवून, स्टँडच्या पायांशी जमिनीवर टेप लावून ठेवतो. कुणीतरी खुर्ची सरकवताना स्टँड हलवतोच.